पिवळ्या दोऱ्याच्या वड्या

माझ्या मामीचे ऑनलाइन दुकान बंद पडण्याच्या बेतात आहे, हे मला एका फोटोवरून कळले. फेब्रुवारीतला मंगळवार होता. अमरावतीतल्या ज्या संशोधन केंद्रात मी काम करते, तिथे कपाशीच्या चाचण्यांचे आकडे तपासत बसले होते. मामीने आपल्या मोबाइलच्या पडद्याचा फोटो मामांच्या मोबाइलने काढून पाठवला होता. स्क्रीनशॉट कसा घ्यायचा हे मी तिला दोनदा शिकवले होते. पण तिला स्वतःची पद्धत जास्त खात्रीची वाटे. फोटोत बोटाची सावली होती, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब होते, आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी नोटीस: सरासरी रेटिंग ३.७. एकवीस दिवसांत ते किमान चार न झाल्यास विक्रेत्याचे पान बंद करण्यात येईल.

पाठोपाठ तिचा फोन आला.

"बाई, हे मोबाइलवाले माहं दुकान बंद करून राहिले म्हनते. काहून?"

"रेटिंग कमी झालं, मामी."

"कोनाचं? वड्याइचं का माहं?"

या प्रश्नाचे उत्तर, खरे सांगायचे तर, त्या ऑनलाइन बाजारपेठेजवळही नव्हते.

मामी अकोल्याच्या जुन्या शहरात राहते. तिचे माहेर पातूरकडचे, बागायती भाजी आणि फुले पिकवणारे, सासरही भाजीचेच. लग्नानंतर बावीस वर्षे ती मामांच्या भाजीच्या दुकानावर बसली. लोक त्या दुकानाला मामांच्या नावाने ओळखतात, आणि तिला मामांची बायको म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या मुगाच्या वड्यांसाठी एका ऑनलाइन बाजारपेठेवर पान उघडून दिले. विक्रेत्याच्या रकान्यात तिचे नाव लिहिले, तेव्हा ती बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिली होती. "हे माहं हाय," एवढेच ती म्हणाली होती. म्हणून नोटिशीत पान बंद होईल असे वाचल्यावर नेमके काय बंद होणार आहे, हे मला समजले.

शनिवारी सकाळच्या बसने मी अकोल्याला गेले. सोबत सगळ्या प्रतिक्रियांची छापील प्रत होती आणि तीन रंगांची पेने. माझे शिक्षण संख्याशास्त्राचे आहे. कोणतीही अडचण समोर आली की आधी तिचे वर्गीकरण करायचे, ही सवय मला लागली आहे आणि तिचा मला अभिमानही आहे. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी कमी तारे देणाऱ्यांचे गट पाडले. मूर्तिजापूर ते अकोला मी नुसती संतापत होते.

एकाने एक तारा दिला होता, कारण पार्सल आणणारा माणूस जिना चढून वर आला नाही. दुसऱ्याने दोन तारे दिले होते आणि खाली लिहिले होते: अजून उघडून पाहिले नाही. तिसऱ्याने वड्या फरसाणासारख्या तशाच चावून खाल्ल्या होत्या. त्याचा दात दुखावला होता आणि तारा एक होता. पाचांपैकी तीन तारे देणाऱ्या माणसाला वाटते की आपण बरे म्हटले. यंत्रणा मात्र ते नापासात जमा करते. ज्या मोजपट्टीचा अर्थ मोजणाऱ्याला एक आणि वाचणाऱ्याला दुसराच लागतो, ती मोजपट्टी मी प्रयोगशाळेत एक दिवसही वापरू दिली नसती. इथे तिच्यावर एका बाईचे दुकान टांगलेले होते.

मी हे सगळे मामीला वाचून दाखवले. ती जमिनीवर बसून मुगाची डाळ निवडत होती. मामा दुपारच्या जेवणासाठी घरी आले होते आणि खाटेवर आडवे झाले होते.

"पुढचा," मी म्हणाले, "तीन तारे. ठीक आहेत, पण आईच्या हातची चव नाही."

"मंग आईलेच मांगाव ना बापा," मामा खाटेवरून म्हणाले. "आमच्या बायकोले काहून मांगते?"

"तुमी चूप बसा. पोरगी वाचून राहिली."

"वाचू दे. पन तिच्या सायन्सनं तारे वाढतीन काय?"

"तुमच्या झोपीनं त वाढले नाई ना अजून," मामी म्हणाली, आणि डाळीतला खडा उचलून दाराबाहेर फेकला.

सगळ्यांत मोठा गट मी शेवटी ठेवला होता. कमी ताऱ्यांच्या जवळजवळ निम्म्या प्रतिक्रियांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. पार्सलमध्ये वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी निघते. तिच्यावर नाव नाही, तारीख नाही. आत लाल, सुरकुतलेले, पाकळ्यांसारखे काहीतरी. पुण्याच्या एका बाईंनी त्याचा फोटो टाकला होता: चुकीची वस्तू आली. दुसऱ्या कुणी लिहिले होते: खराब झालेला माल सोबत घातला आहे. तिसऱ्याला ती भेसळ वाटली होती.

"मामी, हे काय आहे?"

तिने फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "अंबाडीचे फुलं! माहेरून आनले. चटनी लय चांगली होते."

"पण लोकांनी ती मागवलीच नव्हती."

"मागवली कुठी? थे त मी वरून टाकली."

मग तिने मला समजावून सांगितले, जणू मी परदेशातून आले होते. तिच्या वडिलांच्या दुकानात काटा सरळ उभा राहिला की माप संपे. त्यानंतर हात पुन्हा टोपलीत जाई आणि काहीतरी मूठभर गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडे. वांगी घेतली तर कोथिंबीर, मेथी घेतली तर चार मिरच्या. घेतलेल्याच वस्तूतली मूठ कधी घालायची नाही, कारण मग माप चुकले होते असे वाटते. वेगळे काहीतरी घालायचे. माझ्या मामांच्या दुकानावरही हेच चाले. मी लहानपणापासून ते पाहत आले होते आणि एकदाही त्याला नियम म्हणून ओळखले नव्हते.

"ते बाजारात चालतं, मामी. समोर माणूस असतो, तो पाहतो तू काय घातलंस ते. इथे पुण्यातल्या बाईंना ती पुडी म्हणजे चूक वाटते. बंद कर ते."

"बंद?" तिने सूप खाली ठेवले. "तोलून देलं ते त्याचंच होतं. त्यानं घेतलं. मंग म्या काय देलं?"

मला तिचे म्हणणे कळत होते, पण सतराच दिवस उरले होते. मी तडजोड म्हणून एक प्रयोग मांडला. सम क्रमांकाच्या ऑर्डरमध्ये अंबाडीची पुडी घालायची, तिच्यावर नाव आणि कृती छापून. विषम क्रमांकात काहीही घालायचे नाही. दहा दिवसांनी दोन्ही गटांचे तारे ताडून पाहायचे. शिवाय आकडे लवकर हाती यावेत म्हणून मी आणखी एक सल्ला दिला: माल वाढव. रोजच्या दोन फडक्यांऐवजी तीन फडकी घाल. नमुना जितका मोठा, तितका निष्कर्ष भरवशाचा. हे वाक्य मी फार आत्मविश्वासाने उच्चारले होते, हे मला आता नीट आठवते.

त्या दोन दिवसांत मी तिला काम करताना प्रथमच लक्ष देऊन पाहिले. आधी मी त्या वड्या फक्त खाल्ल्या होत्या. सालीची डाळ रात्रभर भिजवून ती सकाळी भरड वाटते. आले, मिरची, जिरे, कोथिंबीर त्यातच. मग गच्चीवर ओल्या फडक्यावर बोटांनी वड्या तोडते, बोराएवढ्या, एकीची कड दुसरीला लागणार नाही अशा अंतरावर. दुसऱ्या दिवशी एकेक उलटते. चौथ्या दिवशी वडी वाळली की नाही हे ठरवण्याची तिची पद्धत अशी: वडी स्टीलच्या ताटात वीतभर उंचीवरून टाकायची आणि ऐकायचे. तिने माझ्यासमोर वीस वड्या टाकल्या, चौदा उजवीकडे ठेवल्या, सहा डावीकडे. मला आवाजात कसलाही फरक कळला नाही.

मी दोन्ही ढीग डब्यांत भरून अमरावतीला नेले. आमच्या ओव्हनमध्ये सुकवून आधीचे आणि नंतरचे वजन घेतले. डावीकडच्या सहाही वड्यांत ओल जास्त होती. सहाही. मी ते मोजमाप दोनदा केले, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. त्या संध्याकाळी तिला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "मंग? ओली वडी बद्दकन पडते. तुह्या मशीनले किती टाइम लागला?"

"सहा तास."

मामांचे हसणे मला फोनमधून ऐकू आले.

प्रतिक्रियांना उत्तरे देण्याचे कामही त्याच काळात सुरू झाले. कमी तारे देणाऱ्या प्रत्येकाला विक्रेता जाहीर उत्तर देऊ शकतो, हे मी तिला सांगितले होते. ती फोनवर तोंडी सांगे आणि मी इथे टाइप करी. दात दुखावलेल्या माणसासाठी तिने सांगितले: "भाऊ, दात कसा हाय आता? वड्या तेलात परतून रश्श्यात टाकाच्या असतात. पाकिटावर मी लिवलं नोतं, चूक माही."

मी लिहिले: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.

"वाच बरं, काय लिवलं थे."

मी वाचले.

"हे कोन दिलगीर हाय?"

"तूच, मामी."

"मी अशी बोलते काय कधी? पुसून टाक. दात कसा हाय ते विचार पयले."

मी पुसले आणि तिचेच शब्द जसेच्या तसे टाकले. तीन दिवसांनी त्या माणसाने आपला एक तारा बदलून चार केले आणि खाली लिहिले की दात बरा आहे. माझे दिलगिरीचे वाक्य कुणाचाही तारा बदलू शकले असते असे मला वाटत नाही. तेव्हापासून मी तिच्या उत्तरांना हात लावला नाही.

दहाव्या दिवशी दोन्ही गटांचे आकडे मी ताडून पाहिले. ज्यांना छापील नावाची पुडी गेली होती त्यांचे तारे बरे होते. ज्यांना काहीच गेले नव्हते त्यांचे त्याहूनही चांगले होते, आणि त्यांच्या प्रतिक्रियांत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: भरपूर. एकाने तर मोजून लिहिले होते की अर्ध्या किलोच्या पाकिटात पन्नास ग्रॅम जास्त निघाले.

मी लगेच फोन लावला. "मामी, विषम नंबरवाल्यांना तू काय घातलंस?"

"काईच नाई. वड्याच टाकल्या."

"किती?"

"अर्धा किलो. अन् एक मूठ."

"मी काहीही घालायचं नाही म्हणाले होते!"

"मंग मी दुसरं काई टाकलं काय? तू म्हनली पुडी नको, पुडी नाही टाकली. रिकामं कसं पाठवाव बाई, घरी गेल्यावर लोक काय म्हनतीन?"

तिच्या वडिलांचा नियम तिने माझ्यासाठी मोडला होता, म्हणजे घेतलेल्याच वस्तूतली मूठ घातली होती. आणि माझा नियम तिने स्वतःसाठी मोडला होता. प्रयोग म्हणून तो कागद फाडण्याच्या लायकीचा झाला होता. पण त्यातून जे कळले ते माझ्या मूळ प्रयोगातून कधीच कळले नसते: न पाहता घेणाऱ्या माणसाला अनोळखी वस्तू भेट वाटत नाही, ओळखीची वाटते. वजन वाढले म्हणून कुरिअरची मर्यादा ओलांडली जाईल, हे तिने कुणी न सांगता ताडले होते; जाड खोके टाकून ती पातळ खोक्यांत माल भरू लागली होती, आणि मूठभर वड्यांचे वजन खोक्याच्या वजनातून काढले होते. हे गणित तिने भाजीच्या तराजूवर केले होते.

सरासरी ४.१ झाली. अजून सहा दिवस होते. मी माझ्या टेबलाशी बसून स्वतःशीच हसले आणि जरा लवकर हसले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा अकोल्यात होते. सकाळी नवी प्रतिक्रिया आली: दोन तारे. वड्या चवीला छान, पण दाताखाली कचकच येते. सोबत उघडलेल्या पाकिटाचा फोटो.

मी म्हणाले, "एकच आहे. बाकी चौतीस जणांनी चांगलं म्हटलंय. सरासरीवर काही फरक पडत नाही."

मामीने मोबाइल माझ्या हातून घेतला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. ती वड्यांकडे पाहत नव्हती. आतली पिशवी ज्या दोऱ्याने बांधली होती, तो दोरा पाहत होती.

"पिवया," ती म्हणाली.

तेव्हा मला कळले की प्रत्येक खेपेच्या पिशव्या ती वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधते. लाल म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या फडक्यावर वाळत घातलेली, हिरवा म्हणजे कोणत्या, हे सगळे तिच्या डोक्यात असते. आमच्या केंद्रात एखाद्या नमुन्याचा माग काढायला आम्ही बारकोड वापरतो आणि तरी चुकतो. तिने हे कुणाला सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटले नव्हते.

ती कोठीत गेली, पिवळ्या दोऱ्याचा डबा काढून आणला. त्यातल्या मूठभर वड्या पाण्यात भिजवल्या. तासाभराने त्या हाताने पूर्ण कुस्करल्या, चोथा काढून घेतला, पाणी काचेच्या पेल्यात ओतले आणि पेला खिडकीत ठेवला. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो. गढूळ पाणी हळूहळू निवळत गेले. तळाशी नखाएवढी, करडी, बारीक रेती बसली.

"तिसरं फडकं," मामी म्हणाली.

गल्लीत पाइपलाइनसाठी खोदकाम चालू होते. आधीची दोन फडकी गच्चीच्या आतल्या बाजूला असत. तिसऱ्यासाठी जागा नव्हती, म्हणून ते रस्त्याच्या कठड्याशी अंथरले होते. तिसरे फडके माझ्या सल्ल्याचे होते. तिने ते बोलून दाखवले नाही. मी दाखवले.

"तुह्या सांगन्यावरून मी गच्चीवरून उडी मारली असती काय?" ती म्हणाली. "फडकं मी टाकलं. रस्ता मले दिसत होता."

पिवळ्या दोऱ्याची सात पार्सले पोचलेली होती. अकरा ऑर्डर आज-उद्यात निघायच्या होत्या, आणि त्यांच्यासाठी दुसरा माल तयार नव्हता. नवी वडी चार दिवसांआधी वाळत नाही. मामीने अकराही रद्द करायला सांगितल्या.

मी तिला सगळे स्पष्ट करून सांगितले, कारण ते माझे काम होते. रद्द केलेल्या ऑर्डरींचा वेगळा हिशोब असतो. ताऱ्यांची सरासरी कितीही चांगली असली, तरी शेवटच्या आठवड्यात अकरा ऑर्डरी रद्द झाल्या तर यंत्रणा आपोआप पान बंद करते. पाठवल्या तर फार तर दोघे-तिघे तक्रार करतील. आत्ताच पाहा, सात जणांना माल गेला आणि तक्रार एकाचीच आली.

"एकानं सांगतलं," ती म्हणाली. "बाकीच्यायनं थुकून देलं असन."

जे बोलत नाहीत त्यांना समाधानी समजू नये, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मी ते परीक्षेत लिहिले होते, गुण मिळवले होते. आणि त्या सकाळी सहा माणसांचे मौन मी दुकानाच्या बाजूने मोजत बसले होते.

ऑर्डर रद्द करताना कारण विचारले जाते. यादीत चार पर्याय होते: माल संपला, किमतीत चूक, पत्ता अपुरा, इतर. माल चांगला नाही असा पर्याय नव्हता. असे कुणी विक्रेता म्हणेल हे यादी करणाऱ्याच्या मनात आले नसावे.

"माल संपला असं टाकते," मी म्हणाले. "त्यानं नुकसान सगळ्यात कमी होईल."

"संपला कुठी? डबा भरून हाय समोर."

"मामी, त्यांना डबा दिसत नाही."

"मले दिसते ना."

मी 'इतर' निवडले. खालच्या चौकटीत तिने सांगितले तसे लिहिले: वड्यांमध्ये रेती आली हाय. खायच्या लायक नाही. म्हून पाठवत नाही. अकरा वेळा तेच. मग पार्सल पोचलेल्या सात जणांना मामीने संदेश पाठवायला लावला: पिशवीचा दोरा पिवया असन तर वड्या फेकून द्या, नव्या पाठवतो. हे म्हणजे आपणहून एक तारा मागण्यासारखेच आहे, हे मी सांगितले नाही. तिला ते माहीत होते. सातांपैकी एकाने खरोखरच एक तारा दिला, आणि पुरावा म्हणून मामीचाच संदेश जोडला. एका बाईंनी दोनाचे पाच केले. उरलेले काही बोललेच नाहीत, आणि या वेळी मी त्यांच्याबद्दल कोणताही अंदाज केला नाही.

मामा संध्याकाळी आले, तेव्हा पिवळ्या दोऱ्याच्या वड्यांचे पोते दाराशी होते. त्यांनी विचारले, मी सांगितले. ते बायकोकडे पाहत राहिले.

"ढोराइले टाकू काय?"

"ढोराइचे दात दगडाचे हाय काय?" मामी म्हणाली. "खड्ड्यात टाका."

मामांनी पोते खांद्यावर घेतले आणि ते निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना टोमणा सुचला नसावा.

एकविसाव्या दिवशी सरासरी ४.० होती आणि पान बंद झाले. कारण: रद्द ऑर्डरींचे प्रमाण. मामीने या वेळी फोटो पाठवला नाही, फोन केला. "बाई, झालं बंद," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिने मला "काहून?" असे विचारले नाही, आणि मला ते विचारलेले बरे वाटले असते.

अपील करता येत होते. पाचशे अक्षरांची चौकट होती. मी दोन मसुदे केले. पहिल्यात खोदकामाचा, कुरिअरचा आणि बाजारपेठेच्या सदोष मोजणीचा युक्तिवाद होता. तो चांगला होता, मी आजही त्याच्या बाजूने उभी राहीन. दुसरा मामीने फोनवर सांगितला: माहा माल खराब होता. मले कळलं तवा मी थांबवला. पुढं रस्त्याच्या बाजूनं वाळत नाही घालनार. दुकान चालू करा.

"यात आपली बाजूच नाही, मामी," मी म्हणाले.

"दुसरी कोन्ती बाजू हाय?"

मी दुसरा मसुदा पाठवला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एकदा मामांच्या भाजीच्या दुकानावर उभी होते. एका गिऱ्हाइकाने वड्या विचारल्या. मामा मेथी तोलत होते. "बंद हाय सध्या," ते म्हणाले. "रेती लागली होती. कोनाले कळत नोतं, तिनं सोताच बंद केली." आणि मान वर करून, त्याने विचारले नसतानाही, पुढे म्हणाले, "माही बायको हाय थे." मग त्याच्या पिशवीत त्यांनी चार मिरच्या टाकल्या.

आठव्या दिवशी पान पुन्हा सुरू झाले. सोबत इंग्रजीतले दोन ओळींचे ठोकळेबाज पत्र होते. त्यात रेतीचा, फडक्याचा किंवा मामीच्या एकाही वाक्याचा उल्लेख नव्हता. तिचे चार शब्द कुणी माणसाने वाचले, की आठ दिवस भरले म्हणून कुलूप आपोआप उघडले, हे मला माहीत नाही. माहीत करून घेण्याची सोयही नाही. मी ते कुणाला विचारू शकेन असा एकही पत्ता त्या पत्रावर नव्हता.

मी त्या दिवशी अकोल्यातच होते. मोबाइल घेऊन गच्चीवर धावले. मामी वाकून वड्या तोडत होती, फडकी दोनच, दोन्ही आतल्या बाजूला.

"मामी, दुकान उघडलं!"

तिने मान वर केली. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिले होते, पण या वेळी ती पडद्याकडे पाहत नव्हती. समोरच्या ओल्या, हिरवट ओळींकडे पाहत होती.

"तारे किती हायत?"

"चार."

"बरं," ती म्हणाली. "मोबाइल खाली ठेव. वारा सुटला, ते टोक धर पयले."

मी टोक धरले.